झाड मरेपर्यंत थांबा

मॅडमच्या खोलीत चार माणसे होती आणि पहिले वाक्य आपल्या तोंडून निघावे असे चौघांपैकी कोणालाही वाटत नव्हते. मॅडम खुर्चीत होत्या. त्यांचा उजवा हात माउसपासून वीतभर अंतरावर टेबलावर उताणा पडला होता, जणू तो आता त्यांचा राहिलेलाच नव्हता. त्यांच्या मागे आवक-जावक सांभाळणाऱ्या ताई, ताईंच्या मागे टंकलेखक काका, आणि सर्वांत मागे, दाराच्या चौकटीला पाठ लावून, ज्याच्यामुळे ही शांतता जन्माला आली होती तो. स्क्रीनच्या मधोमध एक लहानशी पाटी उगवली होती. 'हे पान प्रतिसाद देत नाही.' तिच्याखाली दोन बटणे होती. 'थांबा' आणि 'बंद करा'.

"मी काही केलं नाही," अखेर मॅडम म्हणाल्या.

"छे, तुम्ही कशाला काय कराल," ताई म्हणाल्या.

"मी फक्त त्या कुंडीवर क्लिक केलं."

तिघांच्या नजरा मागे वळल्या आणि चौकटीपाशी येऊन थांबल्या.

कार्यालयात त्याला कविराज म्हणत. त्याने एकही कविता कधी कोणाला दाखवली नव्हती. पण त्याने लिहिलेल्या प्रोग्रामचे कागद छापून आले की ओळी आखूड असत आणि उजवीकडे पांढरी जागा भरपूर उरे. तेवढे पुरावे कार्यालयाला पुरले. हुद्द्याने तो संगणक सहायक होता, कंत्राटी. आणि त्याचे कंत्राट येत्या शुक्रवारी संपत होते. आज मंगळवार होता.

संपूर्ण जग ब्राउझरमधले गेम ज्या एका भाषेत लिहिते, ती भाषा कविराजला आवडत नसे. तिच्यात सगळेच जण एकाच वेळी बोलतात, असे त्याचे म्हणणे. तो लिहीत असे एका जुन्या, मितभाषी भाषेत, जी जाणणारी पृथ्वीवरची सारी माणसे एका सभागृहात बसवली असती तर मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या असत्या. त्या भाषेतले लिखाण ब्राउझरला कळेल अशा रूपात आणणारा एक दुभाषी प्रोग्राम त्याला चार महिन्यांपूर्वी सापडला होता, आणि तेव्हापासून तो प्रेमात पडलेल्या माणसासारखा वेळेवर घरी जात नव्हता.

कार्यालयाचा ऑनलाइन फॉर्म त्यानेच बनवला होता. सहा महिन्यांपूर्वी मॅडमनी त्यात दोन सुधारणा सुचवल्या होत्या. एक, लिहिलेला मजकूर आपोआप जतन व्हावा. दोन, फाइल चढेपर्यंत माणसे वैतागून बसतात, त्यांच्यासाठी पानाच्या कोपऱ्यात काहीतरी विरंगुळा असावा. पहिली सुधारणा यादीत वर होती, दुसरी खाली. कविराजने यादी खालून वाचायला घेतली. काल संध्याकाळी त्याने फॉर्मच्या कोपऱ्यात एक कुंडी ठेवली, ती दिसते आहे एवढे पाहिले, आणि चालते की नाही ते उद्या पाहू म्हणून तो निघून गेला.

"झालंय काय नेमकं?" मॅडमनी विचारले. "मला समजेल असं सांगा."

"मॅडम, ब्राउझरकडे एका पानासाठी एकच माणूस असतो असं समजा. अक्षरं तोच उमटवतो, बटणं तोच ऐकतो, गेमही तोच चालवतो. गेमने त्याला क्षणभर बोलवायचं आणि सोडायचं. पुन्हा बोलवायचं, पुन्हा सोडायचं."

"मग?"

"माझ्या गेमने त्याला सोडलाच नाही."

"का बरं?"

"मी लिहिलंय, झाड जिवंत आहे तोवर त्याच्याकडे बघत राहा. घरच्या कॉम्प्युटरवर तसं चालतं. तिथे माणसं पुष्कळ असतात."

"म्हणजे," काका म्हणाले, "आपल्या एकुलत्या एक शिपायाला तू झाडापाशी बसवलास आणि सांगितलंस, हे मरेपर्यंत जागचा हलू नकोस."

कविराजने काकांकडे आदराने पाहिले. चार महिन्यांत एवढे नेमके त्याला कोणी समजून घेतले नव्हते. "हो काका. अगदी तसंच."

"मग त्यात एवढं काय, बंद करून टाकू या," असे म्हणून ताईंनी माउसकडे हात नेला, आणि कविराज इतक्या जोरात "ताई!" म्हणाला की बाहेरच्या खोलीतली टाचणीची डबी खाली पडली. बंद केले तर पान जाणार होते. पानाबरोबर, मॅडमनी सकाळपासून तीन तास त्याच फॉर्मात एका बोटाने लिहिलेला कंत्राटी कर्मचाऱ्यांचा गोपनीय अहवाल जाणार होता. तो आज पाच वाजेपर्यंत मुख्य कार्यालयात पोहोचायचा होता. पाचनंतर ते दार मिटत असे, आणि ज्यांचे अहवाल बाहेर राहिले त्यांची कंत्राटे आपोआप संपत.

"मॅडम, तोंडी सांगा, मी बडवतो," काका म्हणाले. "वीस मिनिटांत मोकळे."

"काका, गोपनीय आहे तो."

"मग शेजारच्या मशीनवर तुम्हीच पुन्हा लिहा."

हाही मार्ग होता. पण तो कविराजनेच दोन वर्षांपूर्वी बुजवला होता. एका माणसाचा फॉर्म एका वेळी एकाच ठिकाणी उघडावा, अशी सोय त्याने केली होती आणि त्याबद्दल त्याला बैठकीत शाबासकीही मिळाली होती. शेजारच्या मशीनवर फॉर्म उघडताच लाल अक्षरे आली, 'आपला फॉर्म दुसरीकडे उघडा आहे. कृपया तो आधी बंद करावा.'

"हे पण तुमचंच का?" मॅडमनी विचारले.

"हो, मॅडम."

"चांगलं झालंय," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या आहेत की नाही ते कळेना.

स्क्रीन मात्र अत्यंत प्रसन्न होती. गेम सुरू होताच कुंडीची चौकट मोठी होऊन पानावर पसरली होती आणि त्याच क्षणी सारे थिजले होते. लालसर कुंडी, चार कोवळी पाने, पानांवर सकाळ. आत, जिथे डोळे पोहोचत नव्हते तिथे, दिवस उगवत होते आणि मावळत होते. बाहेर मात्र पहिलीच सकाळ लटकून राहिली होती. आणि कुंडीच्या वरच्या कडेला, अहवालाच्या तीन ओळी उघड्या राहिल्या होत्या. पहिलीत लिहिले होते, 'पद : संगणक सहायक (कंत्राटी)'. दुसरी रिकामी होती. तिसरीत होते, 'यांच्याबाबत एवढेच नोंदवावेसे वाटते की', आणि त्यापुढे कुंडी होती.

या कार्यालयात संगणक सहायक एकच होता. ताईंनी ती ओळ वाचली आणि खिडकीकडे पाहिले. काकांनी वाचली आणि चष्मा पुसला. कविराजने ती वाचली, आणि आपण लावलेल्या झाडाच्या मागे आपले भविष्य झाकले गेले आहे, हे त्याच्या ध्यानात आले.

इतक्यात स्पीकरमधून एक पक्षी बोलला. बारीक, दोनच स्वर.

"हे काय?" मॅडम दचकल्या.

"उजाडलं," कविराज म्हणाला. "गेममध्ये. चित्र अडकलंय, पण आवाज येतोय." मग तो चौकट सोडून दोन पावले पुढे आला. "मॅडम, झाड मेलं की तो बघत बसलेला माणूस सुटेल. पान आपोआप जिवंत होईल. तुमचा मजकूर जसाच्या तसा असेल."

"पाणी घातलं नाही तर किती दिवस जगतं?"

"सात. एक दिवस चार मिनिटांचा. तुम्ही क्लिक कधी केलंत?"

"सव्वातीनला," मॅडम म्हणाल्या, आणि तेव्हापासून घड्याळाकडे पाहिलेले नसल्याचा आव त्यांनी सोडून दिला.

"मग तीन त्रेचाळीसला मरेल."

खोलीतली हवा सैल झाली. ताईंनी खुर्ची ओढली. मधूनमधून ती पाटी पुन्हा उगवणार होती आणि कोणीतरी न चुकता 'थांबा' दाबायचे होते. दोन बटणांत बोटभर अंतर असल्याने हे काम चाळीस वर्षे एकही कळ न चुकलेल्या काकांकडे देण्यात आले. पक्षी चार मिनिटांनी बोलला. पुन्हा चार मिनिटांनी बोलला. कोणाच्या तरी मरणाची वाट पाहताना माणसे जशी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात, तशी ताईंनी काकांच्या गुडघ्याची चौकशी केली.

तीन एकोणचाळीसला पक्ष्याचा आवाज आला नाही. आली बादलीची कडी वाजल्यासारखी खणखण, आणि तिच्यामागून पाणी ओतल्याचा आवाज.

"आता हे काय?" तिघांनी एकदम विचारले.

कविराजचा चेहरा कुंडीच्या मातीसारखा झाला. "शेजारीण," तो म्हणाला.

"कोण शेजारीण?"

"सहा दिवस पाणी नाही मिळालं तर भिंतीवरून शेजारीण डोकावते आणि पाणी घालते. झाड पुन्हा ताजं होतं."

"आणि ही बया कशाला घुसवलीस तू?" काका कळवळून म्हणाले.

"आईनं सांगितलं म्हणून."

कविराजची आई घरी हा गेम खेळत असे. तिचे पहिले झाड ती दोन दिवस बहिणीकडे राहायला गेली तेव्हा मेले, आणि ती त्याच्याशी जेवणापुरतेच बोलू लागली. 'माणूस परगावी गेला म्हणून झाडाने मरायचं? शेजारपाजार नाही का तुझ्या त्या गेममध्ये?' असे तिने विचारले होते. म्हणून त्याने शेजारीण घातली.

"ती किती वेळा येते?" मॅडमनी विचारले. त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली होती.

कविराज धावत जाऊन आपल्या टेबलावरून छापलेले कागद घेऊन आला. काकांनी खांद्यावरून वाचले. "'शेजारीण येते, आईने सांगितलं तितक्या वेळा.' हे प्रोग्रामात लिहितात?"

"आमच्या भाषेत लिहिता येतं."

"आणि आईने किती सांगितलं?"

"तो आकडा वेगळ्या फाइलीत आहे. ती घरी आहे." त्याने फोन लावला. खोलीत सगळ्यांना ऐकू यावे म्हणून मॅडमनी तो टेबलावर ठेवायला सांगितला.

"आई, झाड कसं मरतं?"

"कुठलं? गॅलरीतलं? सकाळीच पाणी घातलंय मी. जेवलास का?"

"गेममधलं, आई. शेजारीण किती वेळा येते?"

"दोनदा. मीच सांगितलं होतं की तुला. तिसऱ्यांदा कोण येतंय कुणासाठी!"

मॅडमनी हळूच मान हलवली.

"म्हणजे तिसऱ्या वेळी मरतं," कविराज म्हणाला.

"माझं नाही बाई मेलं कधी. मधे पाऊस येतो ना."

तिघांच्या नजरा पुन्हा कविराजकडे वळल्या.

"कोणता पाऊस?" कविराज अगदी लहान आवाजात म्हणाला, कारण त्याला आठवले होते.

"विसरलास? मी म्हटलं, दोन वेळा शेजारीण आणि मग काय, सोडून द्यायचं का? तेव्हा घातलास तू. वीस दिवसांत एखाद वेळी येतो म्हणालास, पण फार वेळा येतो हं. छान वाजतो. आणि तुझ्या मॅडमनी लिहिलं का रे काही तुझ्याबद्दल? सारखा विचार करत असतोस म्हणून—"

कविराजने फोन उचलून बंद केला. मॅडम कुंडीकडे एकटक पाहत होत्या. कुंडीतली चार पाने पहिल्या सकाळइतकीच टवटवीत होती.

चार वाजून तीन मिनिटांनी बादलीची कडी दुसऱ्यांदा वाजली. "संपली हिची पाळी," ताई टाळी वाजवायच्या बेतात म्हणाल्या. "आता मरतंय."

"ताई," मॅडम म्हणाल्या, "जरा हळू." मग कोणालाच उद्देशून न म्हणता त्या म्हणाल्या, "बाई चांगली आहे पण."

झाड चार एकतीसला मरेल, असा नवा हिशोब झाला. आता सगळे जण खुर्च्या आणून बसले होते, आणि काका भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मागच्या दिवसांच्या रेघा एकदम मारून, पक्षी बोलला की पेन्सिलीने आणखी एक जोडत होते. याच वेळी एक गृहस्थ पत्र आवकला देण्यासाठी आले. बाहेर कोणी दिसेना म्हणून त्यांनी आत डोकावले. चार माणसे, झुकलेल्या माना, पाणावलेला एक चष्मा. गृहस्थांनी पत्र हळूच पाठीमागे धरले.

"कोणी... गेलं का?" त्यांनी विचारले.

"अजून नाही," काका म्हणाले. "पण आशा आहे."

"वय काय?"

काकांनी रेघा मोजल्या. "चौदा दिवस."

"अरेरे! काय झालं होतं?"

"पाणी मिळालं नाही," ताई म्हणाल्या.

गृहस्थांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिले, पत्र कपाटावर ठेवले, आणि पोच न मागताच जिना उतरून गेले. आपल्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत पोच न मागता गेलेला हा पहिला माणूस, अशी नोंद ताईंनी मनात केली.

चार तेवीसला पाऊस आला. कविराजने तो अत्यंत मन लावून केला होता. आधी पत्र्यावर एक थेंब, मग दूरवर दोन, मग सगळीकडे. खोलीतले चौघेही एक क्षण नुसते ऐकत राहिले, आणि त्या क्षणात, फक्त तेवढ्याच, कोणालाही काही नको होते.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. मॅडमनी घसा साफ केला. "म्हणजे, किती वाजतील आता?"

"चार एक्कावन्न," कविराज म्हणाला. "जर पुन्हा आला नाही तर."

पुन्हा आला असता तर पाच वाजून गेले असते. काका रेघा मारत राहिले. अठरा. एकोणीस. पाटी उगवली, काकांनी 'थांबा' दाबले. कविराज आपल्या अर्ध्या वाक्याकडे पाहत उभा होता. '...एवढेच नोंदवावेसे वाटते की'. त्याने ते वाक्य मनात वीस प्रकारांनी पुरे करून पाहिले. त्यांतली सतरा वाक्ये वाईट होती. उरलेल्या तीन वाक्यांची त्याला लाज वाटली. आपणच घडवलेल्या झाडाने लवकर मरावे म्हणून तो जीव टांगून उभा होता. आणि ते मरू नये म्हणून किती संध्याकाळी खर्ची घातल्या, हेही त्याला त्याच वेळी आठवत होते. वीस. एकवीस. ताईंनी डोळे मिटून घेतले. बावीस. तेविसाव्या दिवशी पक्षी थोडा उशिरा बोलला असे सर्वांना वाटले, पण यंत्राच्या पक्ष्याला उशीर होत नाही.

चार एक्कावन्नला बासरीचे तीन स्वर आले, एकाखाली एक, जणू कोणी जिना उतरत होते.

आणि एका क्षणात चित्राने चोवीस दिवस भरून काढले. पाने तपकिरी होऊन कलली, कुंडीच्या तळाशी माती भेगाळली. वर अक्षरे आली, 'झाड गेले. पुन्हा लावायचे?' पाटी नाहीशी झाली. पान जिवंत झाले होते.

"गेलं!" ताई ओरडल्या आणि त्यांनी काकांचा हात हातात घेऊन हलवला. काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मॅडम मात्र त्या वाळलेल्या काड्यांकडे क्षणभर पाहत राहिल्या, मग त्यांनी चौकट मिटली. कुंडी दूर झाली आणि तिच्यामागचे उरलेले वाक्य कविराजला पुरते दिसले.

'...की यांनी बनविलेली कोणतीही गोष्ट आजवर बंद पडलेली नाही.'

"सगळे बाहेर," मॅडम म्हणाल्या. "गोपनीय आहे."

दार लागले. तिघे बाहेर उभे राहिले. आतून एका बोटाने कळा वाजू लागल्या, थांबत थांबत. कविराज प्रत्येक कळ मोजत होता. वाक्य खरे होते. दीड तास अख्ख्या कार्यालयाने त्याची प्रचीती घेतली होती. तेच तर भय होते.

"पुसतायत, काका," तो म्हणाला. "पुसूनच टाकतायत."

काकांनी एक बोट वर केले आणि कान दाराकडे नेला. "गप. त्यांच्या मशीनवर मागे जायच्या कळेला किरकिर आहे. दोनदा तक्रार केलीये मी तुझ्याकडे, तू काही दुरुस्त केली नाहीस. ती एकदाही वाजलेली नाही." त्यांनी आणखी थोडे ऐकले. "पुसत नाहीत काही. जोडतायत. एखादी ओळ असेल."

"काय ओळ?"

"अरे, मी कळा ऐकतो, अक्षरं नाही."

चार सत्तावन्नला आत खुर्ची सरकली. मॅडम खांद्याला पिशवी लावून बाहेर आल्या. अहवाल गेला होता; मुख्य कार्यालयाची पोच स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत उभी होती. त्या कविराजसमोर थांबल्या.

"ते आपोआप जतन व्हायचं काम आधी करा," त्या म्हणाल्या. "आणि मग त्या शेजारणीला तिसऱ्यांदाही पाठवा. दोनदा येऊन थांबणं बरं दिसत नाही."

"हो मॅडम. पण ते..." कविराजने काकांकडे पाहिले, काकांनी छताकडे पाहिले. "मॅडम, त्या कामाला पंधरा दिवस तरी लागतील. माझं कंत्राट शुक्रवारी संपतंय. तिला पाठवायचं कुणी?"

मॅडमनी पिशवीचा पट्टा नीट केला. मग त्या आपल्या खोलीपर्यंत परत गेल्या, टेबलाच्या कडेला ठेवलेला पाण्याचा अर्धा पेला उचलला, खिडकीत कधीपासून सुकत बसलेल्या कुंडीत ओतला, दिवा मालवला, आणि तिघांच्या मधून वाट काढत जिना उतरून गेल्या.